मिठाच्या अलीकडचं पाणी

"ताई, घोट घ्या, पण लगेच गिळू नका. तोंडात धरा."

सूरच्या कारखान्यातल्या अभियंत्यांनी माझ्या हातात स्टीलचा पेला दिला. पाणी कोमट होतं. जिभेवर काही लागेल म्हणून मी वाट पाहिली, पण काहीच लागलं नाही. पावसाच्या पहिल्या धारेखाली धरलेल्या ओंजळीलाही काही चव असते. हे त्याहून कोरं होतं.

"कसंय?"

"रिकामं."

"बरोबर. अजून यात चुना मिसळायचाय. असंच सोडलं तर पाइप खाऊन टाकेल हे पाणी. त्याला काहीतरी विरघळवायला लागतंच."

हे अभियंते मूळचे मिरजेकडचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा ते सुट्टीवर घरी होते आणि टाक्या भरताना बघायला मुद्दाम स्टेशनवर गेले होते. सुमारे साडेतीनशे किलोमीटर पाणी गाडीने जातंय, हे त्यांच्या डोक्यातून आजही जात नाही. "आणि इथे मी समुद्राचं पाणी प्यायला देतोय," ते म्हणाले.

संपादकांचा फोन वैशाखात आला होता. यंदाच्या अंकाचा विषय मीठ. कुणी मिठागरांवर लिहिणार होतं, कुणी लोणच्यांवर. मी म्हटलं, मला मीठ काढून टाकण्यावर लिहायचंय. ज्या देशात बारमाही नदी नाही, वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे माणसं पाणी कुठून आणतात आणि त्यातलं मीठ कुठे जातं, ते बघायचंय. ओमान निवडायचं कारण घरचं आहे. माझं लहानपण औरंगाबादेत, पाणचक्कीच्या नहरीचं पाणी बघत गेलं. लांबच्या डोंगरातून जमिनीखालून येणारं ते पाणी पंपाशिवाय शहरात कसं पोचतं, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्या नहरीची मोठी भावंडं ओमानमध्ये अजून वाहतात, असं कळलं होतं.

कैरीला सुटणारं पाणी

सूर हे अरबी समुद्रावरचं जुनं बंदर. इथे लाकडी गलबतं बांधत. त्यांचं सागवान मलबारहून यायचं आणि याच गलबतांनी खजूर मुंबईकडे जायचा. आज बंदराशी एखाददुसरं गलबत दुरुस्तीला लागलेलं दिसतं. त्या किनाऱ्यावर २००९ पासून हा कारखाना चालू आहे. नंतर तो वाढवला आणि आता दिवसाला सुमारे तेरा कोटी लिटर गोडं पाणी काढतो.

इथली एक गोष्ट मला फार आवडली. सुरुवातीचा कारखाना समुद्रात थेट नळ टाकून पाणी ओढत नव्हता. किनाऱ्यालगत विहिरी खोदल्या आहेत, त्यांतून समुद्राचंच पाणी येतं, पण वाळूतून आणि सच्छिद्र खडकातून गाळून. शेवाळ, माशांची अंडी, तेलाचा तवंग, सगळं वाळूत अडकतं. कोकणात नदीच्या पात्रात झिरा खणतात, तसाच हा प्रकार. वाढीव कारखान्याला मात्र एवढ्या विहिरी पुरेनात, म्हणून तिथे पाणी थेट समुद्रातूनच घेतात.

पुढची इमारत म्हणजे नुसता आवाज. कानांत बोळे घालूनच आत जायचं. पांढऱ्या नळकांड्यांच्या उतरंडी छतापर्यंत गेलेल्या, आणि प्रत्येक नळकांड्यात सतरंजीसारखे घट्ट गुंडाळलेले पडदे. पडदा दिसतो कागदासारखा, पण काम करणारी त्याची साय केसाच्या जाडीच्या शेकडोव्या हिश्श्याएवढी.

बाहेर आल्यावर अभियंत्यांनी समजावून सांगितलं, आणि तेही मिठानेच. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात परातीत पाणी सुटतं. फोडीची कातडी पाण्याला वाट देते, आणि मिठाला पाण्याची ओढ असते, म्हणून पाणी आतून बाहेर मिठाकडे येतं. आता हेच उलटं करायचं. मिठाकडे गेलेलं पाणी मागे ढकलायचं, मीठ तिथेच ठेवून. ओढ जेवढी जबर, ढकलणं त्याहून जबर हवं. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत हवेच्या जेमतेम दुप्पट दाब असतो. या नळकांड्यांत तो साठ ते सत्तरपट असतो.

असा दाब सोसून पाणी सोडेल आणि मीठ अडवेल असा कामाचा पडदा पहिल्यांदा बनला १९५९-६० च्या सुमारास, लॉस एंजलिसच्या विद्यापीठात. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी तो बनवला. सौरीराजन मूळचे भारतीय. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओच्या डब्यातही त्याच पडद्याचं नातवंड आहे, आणि तरी त्यांचं नाव आपल्याकडे शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दाबाला वीज लागते. चांगल्या कारखान्यात हजार लिटर गोड्या पाण्याला तीन ते चार युनिट. पूर्वी याहून कितीतरी जास्त लागायची. फरक पडला तो एका युक्तीने. पडद्यापाशी अडलेलं खारट पाणी बाहेर पडतं तेव्हाही त्याच्या अंगात जवळजवळ तेवढाच दाब असतो. तो वाया न घालवता येणाऱ्या नव्या पाण्याला देतात. घाटात उतरणाऱ्या गाडीच्या जोराने चढणारी गाडी ओढावी, तसं. २०२३ पासून सूरच्या कारखान्याशेजारी सौर पॅनेलं उभी आहेत. कारखान्याच्या विजेचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा ती उचलतात. उरलेली वीज वायू जाळूनच येते.

"आणि मीठ?" मी विचारलं.

ते मला एका जाड पाइपापाशी घेऊन गेले. समुद्राचं शंभर लिटर पाणी घेतलं तर साधारण चाळीस लिटर गोडं निघतं. उरलेल्या साठ लिटरांत सगळ्या शंभरांचं मीठ. ही मिठवणी समुद्राहून जवळपास पावणेदोनपट खारट, आणि जड. तशीच सोडली तर तळाशी जाऊन बसते, म्हणून ती खोल समुद्रात, जोराने फवारून सोडतात, म्हणजे लवकर मिसळते. सूरपुढे अथांग अरबी समुद्र आहे, त्यामुळे इथे ती पचते. पण आत इराणच्या आखातात समुद्राची सरासरी खोली जेमतेम पस्तीस मीटर, तोंड होर्मुझला अरुंद, ऊन जबरदस्त. ते पाणी मुळातच जास्त खारट. त्याच्या काठाने सौदी, कुवेत, कतार, अमिराती यांचे कारखाने उभे आहेत, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याच्या मिठवणीतूनच पुढचा पेला भरतो. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जगाचा हिशेब मांडला होता. सुमारे सोळा हजार कारखाने, दिवसाला साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी आणि चौदा कोटींहून जास्त घनमीटर मिठवणी. त्यातली निम्म्याहून जास्त या चार देशांची.

मुंबईतल्या मनोरीला असा कारखाना उभा करायची योजना आहे, दिवसाला २० कोटी लिटरची, पुढे ४० कोटींपर्यंत नेता येईल अशी. मी तिच्या विरोधात नाही. पण मनोरी-गोराईच्या कोळ्यांनी मिठवणी कुठे आणि किती खोल सोडणार असं विचारलं, तर त्यांना अडाणी समजू नये. सगळ्यात पहिला प्रश्न तोच आहे.

कंदासा

वाळवंटातल्या लोकांनी समुद्र आटवून पाणी प्यायला सुरुवात केली ती काही काल-परवा नाही. जेद्दाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तुर्कांच्या अमलात, समुद्राचं पाणी उकळून वाफ थंड करणारं यंत्र बसलं. कंडेन्सर या शब्दाची लोकांनी 'कंदासा' केली, आणि अजूनही तिथे जुनी माणसं त्या नावाने त्याची आठवण काढतात. कुवेतला विहिरी पुरेनाशा झाल्या तेव्हा गलबतं शत्त-अल-अरब नदीतून गोडं पाणी भरून आणायची आणि ते बंदरावर विकलं जायचं. १९५० च्या दशकात तिथे कारखाने आले आणि पाण्याची गलबतं थांबली.

मस्कतला १९७६ साली अल घुब्राचा कारखाना सुरू झाला. त्याआधीचं मस्कत पाहिलेली काही मराठी आणि गुजराती घरं तिथे आहेत. त्यांच्यातल्या एका आजी म्हणाल्या, "आम्ही लहान असताना पाणी गाढवावरून यायचं. पाणीवाला आला की आई सगळी कामं टाकून दारात." नंतर नळ आले, आणि पुढच्या पिढीला पाणी येतं कुठून हा प्रश्नच पडेनासा झाला.

तो पडला जून २००७ मध्ये. गोनू नावाचं चक्रीवादळ आलं, मस्कतचे पाणी काढणारे कारखाने बंद पडले आणि शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. रस्त्यांवर कमरेएवढं पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही. पुढच्याच वर्षी, २००८ च्या उत्तरार्धात, समुद्राला तांबडं शेवाळ आलं. आखातापासून ओमानच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेलं ते शेवाळ २००९ पर्यंत रेंगाळलं. त्याने पडदे आणि गाळण्या तुंबल्या, मासे मेले, आणि काही कारखाने आठवडेच्या आठवडे बंद ठेवावे लागले. शहरात दोन-तीन दिवसांचाच साठा असेल तर असा आठवडा कसा काढायचा? अबू धाबीने त्याला दिलेलं उत्तर मला विलक्षण वाटतं. त्यांनी लिवाच्या वाळूच्या टेकड्यांखाली कारखान्याचं गोडं पाणी सव्वादोन वर्षं मुरवलं. २०१८ मध्ये ते काम पुरं झालं. सुमारे २.६ कोटी घनमीटर पाणी जमिनीत ठेवलंय, दहा लाख माणसांना नव्वद दिवस पुरेल एवढं. जमिनीतून उपसून संपवलेलं पाणी समुद्रातून काढून पुन्हा जमिनीला परत द्यायचं! केवढी मोठी फेरी मारून आलो आपण.

चाळीस मीटरचं कर्ज

सूरला जाण्याआधी मी बातिनात होते. मस्कतपासून वायव्येला समुद्राकाठाने पसरलेली ही सपाट पट्टी, ओमानची सगळ्यात मोठी शेती. एका म्हाताऱ्या बागाईतदाराने मला समुद्राकडून डोंगराकडे चालवत नेलं. समुद्राशी पहिल्या बागेत नुसते खजुराचे बुंधे, शेंडे गळालेले. दुसरीत खजूर जिवंत, पण खाली काही नाही, कारण खजूर खारं सोसतो, लिंबू सोसत नाही. तिसऱ्या बागेत लिंबाची पानं कडेने करपलेली. त्यांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरलं. मचूळ, आपल्याकडे उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीचं असतं तसं. "माझ्या बापाने हे पाणी पिऊन आयुष्य काढलं," ते हिंदीत म्हणाले.

बापाच्या काळी इथे बैल लावून पाणी काढत. त्याला झाजरा म्हणतात. त्यांनी हातवारे करून दाखवलं, उतारावरून बैल खाली जातो आणि कातड्याची बादली वर येते. मोटच ती! चाकाच्या कुरकुरीवरून कुणाची झाजरा चालू आहे ते रात्री अंथरुणात कळायचं, असंही ते म्हणाले. बैल दमतो, त्याला विसावा द्यावा लागतो, तेवढ्यात विहीर भरते. १९७० नंतर डिझेलचे पंप आले. पंपाला विसावा लागत नाही.

पुढे जे झालं त्याचं गणित अगदी साधं आहे आणि फार निष्ठुर. गोडं पाणी खाऱ्याहून किंचित हलकं असतं, म्हणून किनाऱ्याखाली ते खाऱ्यावर तरंगत असतं. डचांच्या गायबेन यांनी आणि जर्मनीच्या हर्त्झबर्ग यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी वेगवेगळं शोधून काढलं की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर तिच्या खाली ते साधारण चाळीस मीटर असतं. आता उलटा हिशेब करा. उपसून वरची पातळी एक मीटर खाली नेली, की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर चढायला मोकळं होतं. शेतकऱ्याला दिसतो फक्त वरचा एक मीटर. आपल्या कोकणकिनाऱ्यावर नारळाच्या वाड्यांत पंप वाढत चाललेत, म्हणून हे गणित मी लांबण लावून सांगते आहे.

सरकारने नव्या विहिरींवर निर्बंध घातले आणि वाद्यांवर, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रांवर, बांध घातले. मस्कतजवळचा अल खौदचा बांध १९८५ चा. मी पाहिला तेव्हा त्यात थेंब नव्हता, तडकलेला गाळ होता. हा आपल्या पाझर तलावाचा भाऊ, पण रीत वेगळी. आपण पाणी तलावाच्या पोटातच मुरायला ठेवतो आणि वर्षागणिक गाळाने तळ लिंपला जातो. इथे पूर अडवतात तो फक्त गाळ खाली बसेपर्यंत. मग निवळलेलं पाणी नळांतून बांधाखालच्या गोट्यांच्या पात्रात हळूहळू सोडतात आणि ते तिथे मुरतं. समुद्राला मिळायला धावत निघालेला पूर असा जमिनीत थोपवून खाऱ्याला मागे रेटायचा. बागाईतदारांना यावर विचारलं, तर त्यांनी समुद्राकडे बोट केलं. "तो घाई करत नाही. आम्ही केली."

खारकेचं गाव

सूरहून आत निघालं की बिदिया लागतं. एका बाजूला वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला खजूर. आषाढात इथे मबसली जातीचा खजूर पिवळाधमक असतानाच उतरवतात आणि मोठ्या तांब्याच्या हंड्यांत उकळतात. धूर, वाफ आणि गुळाच्या गुऱ्हाळासारखा वास. उकळलेला खजूर उन्हात पसरून सुकवतात, सुरकुतला की पोत्यांत भरतात. पोती पिढ्यानपिढ्या भारतात जात आली आहेत. मी एक उचलून तोंडात टाकला आणि थांबले. ही तर खारीक! बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात कुटून घातलेली, मुंजीत मुठीने वाटलेली. ती कुठल्या पाण्यावर वाढते, असा विचार मी कधी केला नव्हता.

आईविहीर

बिरकत अल मौज हे जबल अखदर डोंगराच्या पायथ्याचं गाव. टेकडीवर ओसाड पडलेली मातीची घरं, खाली खजुराची दाट बाग, आणि दोन्हींच्या मधून वाहणारा फलज अल खतमैन. २००६ साली युनेस्कोने ओमानचे जे पाच फलज जागतिक वारशात घेतले, त्यांतला हा एक. देशात असे चालू फलज सुमारे तीन हजार आहेत.

फलज म्हणजे काय? डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाणी जमिनीत मुरून साठतं, तिथे एक विहीर खणायची. तिला फलजची आई म्हणतात. तिच्या तळापासून गावाकडे बोगदा खणत न्यायचा, जमिनीच्या उतारापेक्षा बोगद्याचा उतार कमी ठेवून. त्यामुळे पुढे पुढे जाताना पाणी आपोआप जमिनीच्या जवळ येतं आणि गावाच्या डोक्याशी उघड्यावर वाहू लागतं. बोगद्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने उभी भोकं असतात, खणताना माती वर काढायला आणि आत हवा घ्यायला. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडून टाकील, कमी झाला तर गाळ बसेल. हे काम आवामिर टोळीचे लोक पिढ्यानपिढ्या करत आले. वाटेत कोरडं नदीपात्र आडवं आलं तर पाणी एका बाजूने विहिरीत उतरवतात, पात्राखालून नेतात आणि पलीकडे पुन्हा वर चढवतात. पंप कुठेच नाही. लोक म्हणतात, सुलेमान पैगंबर उडत्या आसनावरून इथे आले, देश तहानलेला पाहिला आणि जिन्नांना दहा दिवसांत दहा हजार फलज खणायला लावले. बोगद्याच्या तोंडाशी वाकून आतला गार अंधार पाहिला की माणसाच्या हातांवर विश्वास ठेवणंच जास्त कठीण जातं.

पाणचक्कीची नहर मला इथे उमगली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवताना नहरी आणल्या, बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात भूमिगत कुंड्यांची माळ खणली गेली. ती विद्या इराणकडून दख्खनेत आली आणि इथल्या फलजशी तिचं रक्ताचं नातं आहे.

पण मला जास्त वेळ खिळवून ठेवलं ते बोगद्याने नाही, पुढच्या पाटाने. पाणी उघड्यावर येतं त्या पहिल्या जागी कुणी हात-पाय धूत नाही. ते पिण्यासाठी. त्यानंतर मशीद, मग अंघोळीच्या बंद खोल्या, पुरुषांची आणि बायकांची वेगळी, आणि मगच बागा. बागेत आधी खजूर, त्याच्या सावलीत लिंबू आणि केळी, त्यांच्या सावलीत लसूणघास. एकाच पाण्यावर तीन मजले. अरबीत फलज या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वाटे करणं असा आहे. खतमैनचं पाणी दगडात कोरलेल्या तीन सारख्या पाटांत फुटतं. मी तिथे बराच वेळ बसले. पाण्याचा आवाज तिन्हीकडे सारखा येत होता.

वेळ मोजून पाणी

पाणी मापाने नाही, वेळेने वाटतात. एक 'अथर' म्हणजे साधारण अर्धा तास. कुणाच्या नावावर दोन अथर, कुणाच्या पाव. ही मालकी बापाकडून मुलांकडे येते, विकता येते, मशिदीला दान देता येते. फलज आटला तर प्रत्येकाच्या अर्ध्या तासात कमी पाणी येतं, म्हणजे तूट आपोआप सगळ्यांत वाटली जाते. दिवसा काठीच्या सावलीवरून वेळ मोजत, रात्री ताऱ्यांवरून. आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आहे. फलजचा एक वकील असतो, म्हणजे कारभारी. त्याच्या हाताखाली पाळ्या लावणारा आरिफ. काही अथर खुद्द फलजच्या नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढणं, पडझड बांधणं चालतं. जमिनीचेही दोन भाग. खजुराची कायमची बाग आणि तिच्या खालच्या अंगाची हंगामी जमीन. दुष्काळात हंगामी जमीन पेरायचीच नाही, खजूर जगवायचा.

हे ऐकताना मला खानदेशातली फड पद्धत आठवत होती. पांझरेच्या काठी पाटकरी, जागले, हवालदार हीच कामं करत आले. कुणाच्या शेताला कधी पाणी, ते शेतमालकाने नाही, पाटकऱ्याने ठरवायचं. आपण ती जवळजवळ हातची घालवली. धरणाचे कालवे आले, शेजपाळीचे तक्ते कचेरीत गेले, आणि प्रत्येकाने आपल्या बांधावर बोअर घेतली.

वकिलांच्या अंगणात मी बसले होते. पंचाहत्तरीचे असतील. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन गेलेले, म्हणून हिंदी बरी. अंगणात नळ होता. मी सहज विचारलं, "चाचा, हे फलजचं पाणी?"

"नाही बहन. हे समुद्राचं."

किनाऱ्यावरच्या कारखान्यांचं पाणी आता पाइपांनी डोंगराच्या या बाजूलाही चढवतात. घरात प्यायला, स्वयंपाकाला, धुण्याला तेच. बागेला फलज. एकाच अंगणात दोन पाणी, एक मिठाच्या अलीकडचं आणि एक पलीकडचं. मला वाटलं होतं ते कारखान्याच्या पाण्याबद्दल कडवट बोलतील. त्यांनी उलट सांगितलं, त्याच पाण्यामुळे फलज वाचला. गावात माणसं वाढली, फ्लश आले, वॉशिंग मशीन आलं. ते सगळं फलजवर टाकलं असतं तर खजूर मेले असते.

"पण एक फरक आहे," ते म्हणाले. "फलजचं पाणी कमी झालं तर मला त्याच दिवशी कळतं आणि माझ्या शेजाऱ्यालाही कळतं. आम्ही दोघे मिळून गाळ काढायला जातो. या नळाचं पाणी कमी झालं तर मी फोन करतो."

त्यांचे तिन्ही मुलगे मस्कतला नोकरीला. बाग एक बांगलादेशी गडी बघतो. अथर अजून वकिलांच्या नावावर आहेत, पण रात्री-अपरात्री उठून पाणी धरणारे हात सिल्हेटचे. गावातल्या बहुतेक बागांचं असंच आहे. आईविहिरीच्या आसपास नवी विहीर खणायला मनाई आहे आणि ती मनाई लोक पाळतात. बोगद्याची दुरुस्ती सरकारी मदतीने होते. कुणाची पाळी कुठल्या ताऱ्याला सुरू व्हायची, हे आता वकील आणि आणखी दोघे-तिघे सांगू शकतात. मुलग्यांना विचारलं तर ते म्हणतात, वडिलांना विचारा.

त्यांची पाळी त्या रात्री दोन वाजता होती. मला बघायचंय म्हटल्यावर वकिलांनी गड्याला हाक मारून सांगितलं. मी पावणेदोनला उठले. उष्मा तसाच होता, पण पाटाच्या काठाने गारवा चालत होता. गडी पाटाच्या फाट्याशी उकिडवा बसला होता, हातात मोबाइल, पडद्यावर नुसतं घड्याळ. त्याच्या शेजारी एक चपटा दगड आणि चिंध्यांचा बोळा.

"दीदी, अजून चार मिनिटं."

आम्ही दोघेही गप्प बसलो. पाणी अंधारात शेजारच्या बागेकडे जात होतं. माझ्या आजोळी उसाचं दारं धरताना मामा असाच बांधावर बसायचा, कंदील पायाशी, विडी विझलेली. मला तो इतका स्पष्ट दिसला की मी मागे वळून पाहिलं.

दोन वाजले. त्याने वरच्या अंगाला हाक दिली. अंधारातून बंगालीतच उत्तर आलं. मग त्याने दगड उचलून शेजारच्या वाटेत बसवला, फटीत चिंध्या कोंबल्या आणि आमच्या बाजूचा मातीचा बांध टाचेने फोडला. पाणी क्षणभर अडलं, फुगलं आणि वळलं. कोरड्या सरीत ते पुढे सरकताना मातीतून बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता. गडी त्याच्या पुढे-पुढे अनवाणी चालत गेला, पायानेच इथली माती तिथे लोटत. मी मोबाइलचा उजेड धरला. लसूणघासाच्या वाफ्यात पाणी शिरलं आणि बुडापाशी बसलेले किडे वर चढायला लागले.

मी वाकून ओंजळ भरली. थोडं खडकाचं, थोडं पानांचं, थोडं मातीचं.

"प्या, दीदी," तो म्हणाला. "अर्ध्या तासात पलीकडच्यांना द्यायचंय."